क्रेस्टिनचं काय झालं?

कॅन्सरच्या उपचारांचं वेळापत्रक मोठं कडक असतं. शस्त्रक्रियेची तारीख, केमोच्या सायकली, मधल्या रक्ततपासण्या, 'काउंट' खाली गेले म्हणून पुढे ढकललेला एखादा आठवडा, मग रेडिएशनचे रोजचे हेलपाटे. माणूस कित्येक महिने या वेळापत्रकाला धरून जगतो. मग एके दिवशी डॉक्टर फाइल मिटतात आणि सांगतात, रिपोर्ट चांगले आहेत, आता तीन महिन्यांनी या. घरचे पेढे आणतात. रुग्णाला मात्र त्या रात्री झोप लागत नाही. इतके दिवस काहीतरी चाललं होतं. आता तीन महिने नुसतं बसायचं?

डबा घरात येतो तो याच दिवसांत. आणणारं माणूस परकं नसतं. वहिनींच्या भिशीतली मैत्रीण असते, सोसायटीतले निवृत्त काका असतात, बँकेतला जुना सहकारी असतो. डब्यावर लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत, तांबूस अळंबी. नाव गॅनोडर्मा किंवा रेशी. अलीकडे त्यात 'टर्की टेल'ची भर पडली आहे. सोबत दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, यानं इम्युनिटी वाढते. दोन, जपानमध्ये कॅन्सरच्या पेशंटना हेच देतात.

यातलं दुसरं वाक्य थाप नाही. देत असत. सरकारी परवान्यानं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, विम्याच्या पैशानं देत असत. त्या औषधाचं नाव होतं क्रेस्टिन. त्याचं पुढे काय झालं हे डबा आणणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं, आणि खरी गोष्ट तर तिथेच आहे.

टर्की टेल म्हणजे ट्रामेटीस व्हर्सिकलर. कुजत्या लाकडावर पातळ पंख्यांच्या थरांनी वाढणारी, तपकिरी, करड्या, पांढुरक्या वलयांची अळंबी. जपानीत तिला कवाराताके म्हणतात. चिवट असल्यामुळे भाजी करून खायच्या कामाची नाही. उकळून काढा करायचा. साठच्या दशकाच्या मध्यावर कुरेहा या रसायन कंपनीतल्या एका माणसाच्या कानावर आलं की शेजारचा पोटाच्या कॅन्सरचा रुग्ण हा काढा घेतो आहे आणि बरा होतो आहे, असं सांगतात. औषधांच्या जन्मकथा बहुतेक अशाच असतात आणि त्या जरा सावधपणे ऐकाव्यात. पण कंपनीनं पुढे जे केलं ते काढ्याच्या पलीकडचं होतं. कवाराताकेचा एक वाण निवडला, त्याचे तंतू टाक्यांमध्ये वाढवले, गरम पाण्यात अर्क काढला आणि त्यातून प्रथिनाला जोडलेली एक बहुशर्करा वेगळी केली. तिला पीएसके म्हणतात. तपकिरी भुकटी, दिवसाला साधारण ३ ग्रॅम, तोंडानं घ्यायची. १९७७ मध्ये जपान सरकारनं क्रेस्टिन या नावानं तिला कॅन्सरवरचं औषध म्हणून मान्यता दिली.

त्याच काळात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गोरो चिहारा शिताकेवर काम करत होते. शिताके म्हणजे जपानी स्वयंपाकघरातली रोजची अळंबी. तिच्यातून काढलेली लेंटिनान ही बहुशर्करा दिली की उंदरांमधल्या गाठी विरघळतात, हे त्यांनी १९६९ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं. १९८५ मध्ये लेंटिनानलाही पोटाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. इथे एक तपशील विसरू नये: लेंटिनान शिरेतून द्यायचं इंजेक्शन होतं. शिताकेचं सूप कितीही प्यायलं तरी लेंटिनानचा डोस झाला असं होत नाही.

हे पदार्थ शरीरात नेमकं काय करतात? बुरशीच्या पेशींच्या भिंती बीटा-ग्लुकान नावाच्या साखरेच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या असतात. माणसाचं शरीर ही साखळी कधीच बनवत नाही. त्यामुळे ती दिसली की बुरशी आत शिरली, असं आपल्या संरक्षक पेशी समजतात. सोसायटीच्या वॉचमननं अनोळखी गणवेश पाहून शिट्टी फुंकावी, तसं. ही साखळी ओळखणारा पेशीवरचा ग्राहक, डेक्टिन-१, ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखवून दिला. म्हणजे मूळ कल्पना भोंदूपणाची नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बीसीजीची लस आजही थेट मूत्राशयात सोडतात आणि तिचा उपयोग होतो. तिथेही तत्त्व तेच, परका जंतू दाखवून पहारेकऱ्यांना जागं करायचं.

पण शिट्टी वाजली म्हणजे चोर सापडला असं नव्हे. कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते, ती आपल्यातलीच असते, आणि पहाऱ्यावरच्या पेशींना गप्प बसवण्याच्या युक्त्या तिला येतात. 'इम्युनिटी वाढते' या बोलण्यात हे सगळं गाळलं जातं. इम्युनिटी काही गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नव्हे की पातळी वर चढली की काम झालं. ती जास्त चेतवली तर संधिवातासारखे आजार होतात, आणि अस्थिमज्जा रोपण झालेल्या रुग्णात ती दाबून ठेवण्यासाठीच औषधं चालू असतात. अशा रुग्णाला भक्तिभावानं रेशीचा डबा देणारे लोक आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

तर क्रेस्टिन. ते धो धो खपलं. १९८७ पर्यंत जपानमध्ये कॅन्सरच्या औषधांवर होणाऱ्या एकूण खर्चातला चौथा हिस्सा एकट्या पीएसकेवर होत होता. कारण उघड आहे. त्या काळची केमो भयंकर होती, आणि क्रेस्टिननं ना केस गळत, ना उलट्या होत. डॉक्टरला लिहून द्यायला सोपं, रुग्णाला घ्यायला सोपं. आपण काहीतरी करतो आहोत हे समाधान दोघांनाही मिळे. शेवटच्या टप्प्यातल्या, दुसरं काही झेपणार नाही अशा रुग्णांनाही ते दिलं जाई.

१९८९ च्या डिसेंबरात जपानच्या आरोग्य मंत्रालयानं या औषधाचं फेरमूल्यांकन जाहीर केलं. एकट्यानं दिलेल्या क्रेस्टिननं आयुष्य वाढतं, हे सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला. वापर आकसला: पोटाच्या, मोठ्या आतड्याच्या आणि एका प्रकारच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये, तोही केमोच्या जोडीनंच. बारा वर्षं देशभर विकल्या गेलेल्या औषधाबद्दल सरकारनंच असं म्हणावं, ही लहान गोष्ट नव्हती.

गंमत म्हणजे क्रेस्टिनच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा त्यानंतर आला. १९९४ साली नाकाझातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. मध्य जपानमधल्या ४६ रुग्णालयांतले २६२ रुग्ण, सगळ्यांची पोटाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली, सगळ्यांना केमो. निम्म्यांना जोडीला पीएसके. पाच वर्षांनी पीएसके घेतलेल्यांपैकी ७३ टक्के जिवंत होते, न घेतलेल्यांपैकी ६० टक्के. पुढे २००७ मध्ये अशा आठ चाचण्यांचे ८,००९ रुग्ण एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे छोटा, पण हिशेबात दिसणारा फायदा. औषधी अळंबीबद्दल आजही कुणी गंभीरपणे बोलायला बसलं की याच आकड्यांवर येतं, आणि यायलाच हवं. यापेक्षा चांगलं त्या बाजूला फार नाही.

मात्र ते आकडे वाचताना त्यांभोवतीच्या अटी वाचाव्या लागतात. रोग पोटाचा कॅन्सर, गाठ पूर्ण काढलेली, बरोबर मायटोमायसिन आणि ५-एफयूची केमो, आणि पीएसके कारखान्यात ठरावीक पद्धतीनं बनवलेलं, प्रत्येक पुडीत तेच. याच २००७ साली जपानमधूनच दुसरी बातमी आली. शस्त्रक्रियेनंतर एस-१ नावाची केमोची कॅप्सूल दिलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८०.१ टक्के जिवंत होते. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांत ७०.१ टक्के. एवढा फरक दिसल्यावर जपानी शल्यचिकित्सकांनी ती कॅप्सूल उचलली. क्रेस्टिनचे आकडे ज्या जुन्या केमोच्या सोबतीनं मिळाले होते ती केमोच मागे पडली. नव्या केमोच्या जोडीला अळंबीनं काय होतं, हे लेंटिनानच्या बाबतीत तपासलं गेलं. पोटाचा कॅन्सर पसरलेल्या ३०९ रुग्णांत नुसती एस-१ आणि एस-१ अधिक लेंटिनान अशी तुलना झाली. २०१६ मध्ये निकाल लागला: फायदा नाही. उलट लेंटिनानच्या गटाचं मध्यम आयुर्मान ९.९ महिने आणि नुसत्या एस-१ च्या गटाचं १३.८ महिने निघालं. हा फरक योगायोगानंही पडू शकतो असं संख्याशास्त्र सांगतं, त्यामुळे लेंटिनाननं माणसं लवकर गेली असं म्हणता येत नाही. पण वाचवली असंही म्हणता येत नाही.

२०१७ मध्ये क्रेस्टिनची विक्री थांबली. कुणी बंदी घातली नाही, मोर्चे निघाले नाहीत. मागणी आटली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात जपाननं पोटाच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅबला परवानगी दिली. क्योटोच्या तासुकु होंजो यांनी पेशींवरच्या ज्या ब्रेकचा शोध लावला आणि ज्यासाठी त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं, तो ब्रेक सोडवणारं हे औषध. प्रतिकारशक्तीच्या बळावर कॅन्सरशी लढायचं, हे जपाननं चाळीस वर्षं उराशी बाळगलेलं स्वप्न खरं ठरलं, पण दुसऱ्याच वाटेनं. महागड्या वाटेनं, हेही सांगायला हवं. निवोलुमॅबची किंमत आपल्याकडच्या बहुसंख्य घरांना ऐकवतसुद्धा नाही, आणि डब्याचा धंदा चालण्यामागे हेही एक कारण आहे.

आता आपल्याकडच्या डब्याकडे येऊ. त्यात बहुतेक वेळा टर्की टेल नसतेच, रेशी असते, आणि रेशीकडे क्रेस्टिनएवढाही पुरावा नाही. कॉक्रेन संस्थेनं रेशीवरच्या चाचण्या धुंडाळल्या. कॅन्सरमधल्या वापरासाठी निकषांत बसणाऱ्या पाच सापडल्या, मिळून ३७३ रुग्ण. केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला घेतली तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता थोडी वाढते असं त्यात दिसलं, पण मुख्य उपचार म्हणून वापरावी असा आधार मिळाला नाही. चाचण्यांची गुणवत्ताही बेताची होती. उपचार संपल्यानंतर कॅन्सर परत येऊ नये म्हणून घेणं, म्हणजे डबा ज्या कामासाठी खपवला जातो ते काम, तर वेगळंच आहे. टर्की टेलबाबत तशी एक सुरुवात अमेरिकेत मिनेसोटात झाली होती: स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलेल्या स्त्रियांना सहा आठवडे वेगवेगळ्या मात्रा दिल्या. चाचणी पूर्ण केलेल्या स्त्रिया नऊ. दिवसाला ९ ग्रॅमपर्यंत त्रास झाला नाही, रक्तातल्या काही पेशी वाढल्यासारख्या दिसल्या. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नऊ जणींवरून एवढंच कळतं की पुढची चाचणी करायला हरकत नाही.

आणि डब्यात रेशी तरी असते का? २०१७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून रेशीच्या पूरकांचे १९ नमुने घेऊन तपासले गेले. त्यांपैकी लेबलाशी जुळणारे निघाले पाच. बाकीच्यांत रेशीची ओळख पटवणारी द्रव्यं तरी नव्हती किंवा स्टार्चसारखंच काही जास्त होतं. धान्यावर बुरशीचे तंतू वाढवून सगळंच दळून भरलं की असं होतं. अळंबीच्या नावानं माणूस बरंचसं पीठ खातो. महिन्याचे काही हजार रुपये देऊन.

कायदा आहे. १९५४ च्या औषधं आणि जादूचे उपाय कायद्यान्वये कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करता येत नाही. म्हणूनच डब्यावर कॅन्सर हा शब्द नसतो. तो बोलण्यात असतो, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओत असतो, हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरणाऱ्या मीटिंगमध्ये माइकवरून रडवेल्या आवाजात सांगितलेल्या अनुभवात असतो. जपानलाही हे नवीन नव्हतं. तिथे ॲगारिकस नावाच्या अळंबीनं कॅन्सर बरा झाल्याच्या अनुभवांची पुस्तकं निघत, आणि पुस्तक वाचून लोक ते उत्पादन मागवत. २००५ मध्ये पोलिसांनी अशा एका पुस्तकाच्या प्रकाशनाशी संबंधित लोकांना अटक केली. बरे झालेल्या रुग्णांच्या कहाण्या बसून रचलेल्या निघाल्या.

या मीटिंगांवर हसणं सोपं आहे. मला ते जमत नाही. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला तिथे जी वागणूक मिळते ती दवाखान्यात मिळत नाही. चहा मिळतो, नावानं हाक मारतात, भीतीबद्दल बोलू देतात, आणि उद्यापासून काय करायचं ते ठासून सांगतात. ओपीडीतला डॉक्टर एका सकाळी शेकड्यांनी माणसं बघत असतो; त्यानं प्रत्येकाच्या भीतीसाठी वेळ कुठून आणायचा? ती जागा रिकामी असते म्हणून तिथे दुकान लागतं.

कोकणातली एक अळंबी मात्र या बाजारात फारशी दिसत नाही, आणि दिसली असती तर शोभली असती. जुन्या फणसाच्या झाडाच्या बुंध्याला लाकडासारखं कडक, खुरासारखं फळकूट धरतं: फणसोंबा, किंवा फणसआळंबे. फेलिनस कुळातलं. लहान मुलाला फार लाळ गळत असेल, तोंड आलं असेल, हिरड्या दुखत असतील तर हे सहाणेवर उगाळून लावायचं, ही घरगुती वहिवाट. पुण्याचे जे. जी. वैद्य यांनी १९९३ मध्ये लोकवैद्यकातल्या बुरशींवर लिहिताना तिची नोंद केली. याच कुळातली फेलिनस लिंटियस ही कोरिया-जपानात कॅन्सरसाठी नावाजली गेली. साठच्या दशकाच्या शेवटी तेत्सुरो इकेकावा यांनी निरनिराळ्या अळंब्यांचे अर्क उंदरांवर तपासले, तेव्हा गाठी रोखण्यात तिचा नंबर सर्वांत वर लागला होता. कुणीतरी उद्या हे दोन धागे जोडून फणसोंब्याच्या कॅप्सूल काढील याची मला धास्ती वाटते. तोंड आल्यावर उगाळून लावायची वस्तू आणि कॅन्सरनंतर रोज गिळायची वस्तू, यांत कित्येक वर्षांच्या तपासण्यांचं अंतर आहे. आजीनं दुसरी गोष्ट कधी सांगितली नव्हती.

'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना' हे वाक्य हटकून येतं. अपाय आहे. क्वचित आहे, पण आहे. थायलंडमधून २००७ मध्ये रेशीची भुकटी घेणाऱ्या रुग्णाचं यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद आहे. ॲगारिकस घेणाऱ्या कॅन्सर रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या तीन घटना जपानी डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडल्या. चागाचं उदाहरण मराठी वाचकालाही ओळखीचं वाटेल. सोल्झेनित्सिन यांच्या 'कॅन्सर वॉर्ड' कादंबरीतले रुग्ण बर्च झाडावरच्या या बुरशीच्या बातमीनं हरखून जातात. जपानमधल्या यकृताच्या कॅन्सरच्या एका ७२ वर्षांच्या बाईंनी चागाची भुकटी रोज चार-पाच चमचे, सहा महिने घेतली. तिच्यातल्या ऑक्झलेटनं मूत्रपिंडं गेली आणि डायलिसिस लावावं लागलं. रेशीनं रक्त पातळ होण्याची शक्यता असते, तेव्हा शस्त्रक्रिया तोंडावर असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर हा खेळ नको.

पण सर्वांत मोठा अपाय यकृताचा नव्हे. डब्यावर विसंबून उपचार सोडणं हा आहे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरचे २८१ रुग्ण पाहिले, ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले होते. मुख्य उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट निघाला.

मग तीन महिन्यांत करायचं काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याला उत्तर आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा काही आठवड्यांत वर येतो, पण त्यातल्या लिम्फोसाइटना सावरायला बरेच महिने लागतात. या काळात फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारावं. जिवंत जंतूंच्या लशी मात्र त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नयेत. इम्युनिटीसाठी खरोखर काही घ्यायचं असेल तर लस ही सर्वांत तपासलेली वस्तू आहे, आणि तिला मीटिंग लागत नाही. २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. केमो संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम करायला लावला, बाकीच्यांना फक्त माहितीची पुस्तिका दिली. आठ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांतले ९०.३ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटात ८३.२ टक्के. बऱ्याच जणांचा व्यायाम म्हणजे झपाझप चालणं होतं. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानं स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी घेतली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. रोग परत न येण्याच्या बाबतीत सुमारे १५ टक्क्यांचा सापेक्ष फायदा दिसला. हे आकडे क्रेस्टिनच्या उत्तम आकड्यांच्या पंक्तीला बसतात. चालण्याचं कमिशन कुणाला मिळत नाही, म्हणून त्याचा प्रसार होत नाही, एवढंच.

अळंबी खायला कुणाची ना नाही. काउंट कमी असताना कच्ची खाऊ नये. एरवी नीट शिजवून खावी. बटण असो, धिंगरी असो, शिताके असो. शिताके अर्धीकच्ची राहिली तर काहींच्या पाठीवर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठतात, हेही लेंटिनानचंच काम. अळंब्या तासभर उन्हात ठेवल्या तर त्यांच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, हा फुकटातला लाभ.

आणि डबा घरात आलाच असेल, देणाऱ्याचं मन मोडवत नसेल, तर पुढच्या फॉलोअपला फायलीबरोबर तोही न्यावा. आणखी काय घेता, असं डॉक्टरांनी विचारलं की बहुतेक जण 'काही नाही' म्हणतात, कारण अळंबीला ते औषध समजत नाहीत. लेबलावर अळंबीचं शास्त्रीय नाव आहे का, फळ वापरलं आहे की धान्यावरचे तंतू, अर्क आहे की नुसती पूड, बीटा-ग्लुकानचं प्रमाण लिहिलं आहे का, हे डॉक्टरांना दाखवावं. कधीपासून चालू केलं ती तारीख फाइलवर लिहून घ्यावी. पुढे कधी यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं दिसलं, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्या तारखेवरून कळेल.